बॅटरचा अडथळा : चूक कोणाची?

आंतरमहाविद्यालयीन सॉफ्टबॉलची सेमी-फायनल आपण १ रनने हरलो, हे आता मेसच्या काकांनाही ठाऊक आहे. पण का हरलो, हे अजून बऱ्याच जणांना नीट माहीत नाही.

शेवटची, सातवी इनिंग. १ आऊट, आपला रनर पहिल्या बेसवर. पिचरच्या हातून बॉल सुटताच रनर दुसऱ्या बेसकडे पळाला. आपल्या बॅटरने जोरात बॅट फिरवली, बॉल हुकला आणि तो तोल जाऊन बॉक्सबाहेर, थेट प्लेटवर आला. थ्रो करणारा कॅचर त्याला धडकला. रनर आरामात पोहोचला. पण अंपायरने हात वर केले: डेड बॉल, बॅटर आऊट, रनर परत पहिल्या बेसवर! पुढच्या बॅटरने हिट मारली, पण रनर तिसऱ्या बेसपर्यंतच गेला. तिथेच मॅच संपली.

"त्याने मुद्दाम केलं नाही!" म्हणून आम्ही अंपायरशी खूप भांडलो. नंतर नियम वाचले आणि मान खाली गेली.

नियम असा. बॅटर्स बॉक्स ७ फूट लांब, ३ फूट रुंद असतो.
१) बॉक्सबाहेर पाऊल पडून कॅचरला अडथळा झाला तर बॅटर आऊट. हेतू विचारात घेत नाहीत.
२) बॉक्समध्ये राहून मुद्दाम अडवलं तरी आऊट. नुसतं आपल्या जागी उभं राहणं हा गुन्हा नाही.
३) होम प्लेटवर रनरला आऊट करण्याचा प्रयत्न चालू असताना बॅटरने मध्ये येऊ नये.
४) तिसरा स्ट्राईक होऊन बाद झालेल्या बॅटरने अडथळा केला, तर रनरही आऊट होऊ शकतो. एका चुकीत दोन विकेट!

उलट, कॅचरने बॅटरच्या बॅटला अडवलं तर ते 'ऑब्स्ट्रक्शन', आणि बॅटरला पहिला बेस मिळतो. म्हणजे नियम दोघांनाही सारखाच लागू आहे.

इतका कडक नियम का? आपण इंजिनिअर, हिशोबच करू. बेसमधलं अंतर ६० फूट. मग होमपासून दुसरा बेस ६०√२, म्हणजे सुमारे ८५ फूट, जवळपास २६ मीटर. ताशी ९० किमीचा थ्रो तिथे १ सेकंदात पोहोचतो. कॅचरचा अर्धा सेकंद वाया गेला, तर सेकंदाला ६ मीटर पळणारा रनर ३ मीटर पुढे सरकतो. आऊट आणि सेफ यांत एवढंच तर अंतर असतं!

म्हणून सरावात स्विंगनंतर तोल सांभाळायची सवय लावा. मागचा पाय बॉक्समध्येच राहिला पाहिजे.

आणि हो, त्या रात्री आपला बॅटर जेवला नाही. अख्ख्या विंगने त्याला टोमणे मारले. खरं तर नियम त्याच्यासकट आम्हा कोणालाच माहीत नव्हता. तेव्हा चूक एकट्याची नव्हती, टीमची होती. त्याला आता 'प्लेटवाला' म्हणणं बंद करा. आणि अंपायरसाहेबांना आमच्याकडून उशिरा का होईना, सॉरी!