सारफथ येथील विधवा व तिचे मूठभर पीठ

शास्त्रपाठ : १ राजे १७:८–२४, मार्क १२:३८–४४
विषय : देवास पहिले स्थान



एका गावी रविवारची उपासना आटोपल्यावर एक शेतकरी बंधू मला शिवेपर्यंत पोहोचवावयास आले. त्या वर्षी मृगाचा पाऊस हुकला होता. वाटेत ते म्हणाले, “पाळकसाहेब, राग मानू नका. बियाणे उधारीवर आणले, सोसायटीचे देणे डोक्यावर आहे. आधी घर सावरू द्या, मग देवाचे पाहू.” मी त्यांस दानाविषयीचे एक वचन ऐकविले व निरोप घेतला. घरी आल्यावर माझ्या ध्यानात आले की, वचन ऐकविले खरे, पण त्यांच्या प्रश्नाचे उत्तर काही दिले नाही. ज्याच्या घरी पुरत नाही त्याने देवास पहिले स्थान कसे द्यावे, हाच तो प्रश्न होय. ह्या पाठात त्याचाच विचार करू.

१. प्रसंग. अहाब राजाच्या काळी इस्राएलात पाऊस पडेना. करीथ ओहोळ आटल्यावर देवाने एलीयाला सीदोन प्रांतातील सारफथ गावी पाठविले. हे गाव सोर व सीदोन ह्यांच्या दरम्यान, आजच्या लेबनान देशाच्या किनाऱ्यावर होते. बआलाची उपासना इस्राएलात वाढविणारी ईजबेल राणी ह्याच सीदोनी लोकांच्या राजाची कन्या. अशा परक्या मुलखात, वेशीपाशी काटक्या वेचणाऱ्या एका विधवेच्या घरी संदेष्ट्याच्या अन्नाची सोय देवाने केली. तिच्या मडक्यात मूठभर पीठ व कुपीत थोडे तेल होते. तेवढे शिजवून मुलासह खावे व मग मरणाची वाट पाहावी, एवढेच तिच्या मनात होते.

२. आज्ञा. एलीयाने प्रथम पाणी मागितले. दुष्काळात पाणीही महाग. तरी ती लगेच आणावयास निघाली. ती जात असता त्याने भाकर मागितली. तिने आपली स्थिती लपविली नाही. तेव्हा त्याने आधी तिचे भय घालविले, आणि मगच सांगितले की, पहिली लहान भाकर मजकरिता कर, नंतर तुम्हां दोघांकरिता. ध्यानात घ्या, देवाने तिजपाशी नव्हते ते मागितले नाही. होते त्यातलेच मागितले, पण आधी मागितले. उरल्यावर देणे ह्यास विश्वास लागत नाही. मडक्याचा तळ दिसत असता पहिली भाकर दुसऱ्याकरिता थापणे ह्यास विश्वास लागतो.

३. अभिवचन. पाऊस पडेपर्यंत पीठ सरणार नाही व तेल आटणार नाही, असे तिला अभिवचन मिळाले. तिची कणगी भरली असे मात्र शास्त्र सांगत नाही. रोज सकाळी तिला त्याच मडक्यात हात घालावा लागला, आणि रोज त्या दिवसापुरते मिळाले. पुढे तिचा मुलगा आजारी पडून मेला. देवाने त्यास पुन्हा जिवंत केले, पण ते दुःख तिला सोसावे लागलेच. म्हणून, “दान केले की संकट येणार नाही” असे कोणी शिकवू नये. देव लाच घेत नाही व सौदा करीत नाही. तो आपल्याबरोबर राहतो. तिच्या उराशी मेलेले मूल असता संदेष्टा तेथेच होता, हे तिचे समाधान.

४. सेवकांस इशारा. उपदेशक बंधूंनो, एलीयाने विधवेपासून मागितले खरे, पण तोही उपाशी होता व त्याच मडक्यातले तिच्या घरी खात होता. विधवेच्या दोन टोल्यांची प्रशंसा करण्याच्या लगेच आधी प्रभूने विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांस दोष दिला, हे आपण विसरू नये. जो मंडळीच्या दुष्काळात भागीदार नाही त्याने मंडळीपाशी भाकर मागू नये.

५. आधी आज्ञापालन. दान देऊन आज्ञा चुकविता येत नाही. शौलाने लुटीतील उत्तम मेंढरे यज्ञासाठी राखली, तरी आज्ञा मोडल्यामुळे तो नाकारला गेला. आईबापांचे पोषण सोडून ते द्रव्य देवाचे म्हणणाऱ्यांस प्रभूने दटाविले (मार्क ७). भावाचे मन दुखविले असेल तर दान वेदीपाशी ठेवून आधी समेट कर, असे त्याने शिकविले (मत्तय ५). तेव्हा मजुराची मजुरी थकवून वर्गणी भरणे हे देवास पहिले स्थान देणे नव्हे. मासेदोनियातील गरीब मंडळ्यांनी प्रथम स्वतःस प्रभूला दिले व मग द्रव्य दिले (२ करिंथ ८). हाच खरा क्रम.

६. आचरण. मिझोराममधील ख्रिस्ती स्त्रियांनी १९१० साली एक साधी रीत सुरू केली : प्रत्येक वेळी चूल पेटविल्यावर, भात शिजत घालण्यापूर्वी, एक मूठ तांदूळ प्रभूकरिता वेगळे काढावयाचे. पुढच्याच १९११–१२ साली तेथे बांबू फुलून उंदीर माजले व मोठा दुष्काळ पडला. तरी ती रीत मोडून पडली नाही. आजही चालू आहे. आपल्या घरी तांदूळ नसतील, ज्वारी-बाजरी असेल. दळावयास बसण्यापूर्वी, पीठ मळण्यापूर्वी काढलेली मूठ, दिवस उजाडताच कामाआधी केलेली प्रार्थना, बाजारचे पैसे हाती येताच प्रथम चुकविलेली मजुरी, ह्यांत देवाचे पहिलेपण दिसते.

त्या शेतकरी बंधूंस पुन्हा भेटलो तेव्हा मी म्हणालो, “भाऊ, देव तुमच्यापाशी कर्ज काढून मागत नाही. जे आहे त्यात तो पहिला असो.” ते काही बोलले नाहीत. पण निघताना त्यांच्या घरधनीणबाईंनी चुलीजवळची एक लहान गाडगी मला दाखविली. तीत दोनच मुठी बाजरी होती. आधी काढलेली.

वर्गासाठी प्रश्न
१. विधवेच्या घरची कणगी न भरता रोजच्या पुरतेच का मिळाले असावे?
२. शौलाचे अर्पण देवास का आवडले नाही?
३. ह्या आठवड्यात आपल्या घरी “आधी” काय काढता येईल, व कोणाचे देणे आधी चुकवावे लागेल?