संकरित मक्याचे घरचे बी का पेरू नये?

संकरित मक्याचे पीक एकसारखे उभे राहते. त्यातील भरदार कणसे पुढील हंगामाच्या बियाण्यासाठी राखून ठेवण्याचा मोह शेतकऱ्यास होणे साहजिक आहे. परंतु ते बी पेरले असता उंच व ठेंगणी, लवकर व उशिरा तुरा येणारी झाडे शेतात दिसू लागतात आणि उत्पन्न घटते. हा दोष जमिनीचा नव्हे, मशागतीचाही नव्हे. त्याचे कारण बीजोत्पत्तीच्या क्रियेतच आहे.

गुणसूत्रांची अदलाबदल

मक्याच्या पेशीत सामान्यतः गुणसूत्रांच्या १० जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र मातेकडून व दुसरे पित्याकडून आलेले असते. निरनिराळे गुण ठरविणारी जनुके त्यांवर ओळीने वसलेली असतात.

तुऱ्यात पराग व कणसात बीजांडे तयार होताना पेशींचे अर्धसूत्री विभाजन होते. तत्पूर्वी प्रत्येक गुणसूत्र दोन पदरी बनते. मग जोडीतील दोन्ही गुणसूत्रे एकमेकांस लगटतात. मातेकडील एक पदर व पित्याकडील एक पदर एकाच जागी तुटून परस्परांस जोडले जातात. नंतर जोड्या विलग होतात व प्रत्येक परागकणात १० गुणसूत्रे उरतात.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात हॅरिएट क्रेटन व बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९३१ साली मक्यावरच याचा पुरावा दिला. त्यांनी निवडलेल्या नवव्या गुणसूत्राच्या एका टोकास गाठ व दुसऱ्या टोकास परक्या गुणसूत्राचा तुकडा होता. दाण्याचा रंग व त्यातील पिठाचा प्रकार या गुणांची जेथे नवी सांगड पडली, तेथे या खुणांचीही अदलाबदल झालेली सूक्ष्मदर्शकाखाली दिसली.

शेतीच्या दृष्टीने अर्थ

संकराचे मूळ आईबाप शुद्ध वंशाचे असतात. त्यांच्या जोडीतील दोन्ही गुणसूत्रे सारखीच असल्याने अदलाबदलीने फरक पडत नाही. म्हणून पहिली पिढी एकसारखी निपजते. संकरित झाडात मात्र जोडीतील गुणसूत्रे भिन्न असतात. केवळ १० जोड्यांच्या वाटणीनेच १,०२४ प्रकारचे परागकण संभवतात; अदलाबदलीमुळे तर त्यांस गणतीच राहत नाही. पुढील पिढीत गुण विखुरतात व संकराचा जोम ओसरतो.

हीच क्रिया पैदासकारास उपकारकही ठरते. एका वाणाची रोगप्रतिकारशक्ती व दुसऱ्याचे उत्पन्न एकत्र आणणे तिच्यामुळे सुलभ होते; मात्र त्यासाठी अनेक पिढ्या निवड करावी लागते.

काय करावे?

१. संकरित वाणाचे बियाणे दर हंगामास नवे घ्यावे.

२. घरचे बी राखावयाचे असल्यास सुधारित संमिश्र वाण पेरावा. वाऱ्याने परका पराग येत असल्याने शेताच्या मध्यभागातील निरोगी झाडांची कणसे निवडावी.

३. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नव्या बियाण्याशेजारी राखलेल्या संकरित बियाण्याच्या चार ओळी पेरून दाखवाव्या. फरक शेतकऱ्यांस डोळ्यांनी दिसेल.