म्युस्कादे आणि तिचे सोबती

मी कोकणातली, मासळीवर वाढलेली. लग्नानंतर मुक्काम पडला तो फ्रान्समध्ये, नांत शहरात. ल्वार नदी समुद्राला मिळते त्या पट्ट्यातली म्युस्कादे ही पांढरी वाइन इथे घरोघरी असते. तिच्याबरोबर काय खावं आणि काय नाही, हे खाता खाताच कळत गेलं.

१. नुसती पिऊन तिला नावं ठेवू नयेत. ती हलकी, आंबटसर, किंचित खारट. फुलाफळांचा घमघमाट शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. भारतातून आलेले पाहुणे पहिल्या घोटाला हमखास ‘आंबट पाणी’ म्हणतात. मी वाद घालत नाही, कालवांचं ताट पुढे सरकवते.

२. कालवं मध्यम आकाराची घ्यावीत. इथल्या बाजारात त्यांना नंबर असतात आणि हिशेब उलटा: नंबर जितका मोठा, तितकं कालव लहान. मी ३ नंबरची घेते. जाड फडक्यात कालव धरायचं, शिंपल्यांच्या फटीत सुरीचं टोक घालून फिरवायचं आणि वरच्या शिंपल्याला चिकटलेला स्नायू कापायचा. पहिलं पाणी फेकून द्यावं. थोड्या वेळाने कालव पुन्हा पाणी सोडतं. ते जास्त गोड असतं. सोबत राय पावाचा काप आणि त्यावर खारं लोणी. बारीक चिरलेला शॅलट कांदा घातलेलं व्हिनेगर फ्रेंच लोक हौसेने घेतात, पण माझ्या मते त्याने वाइनची चव मरते. लिंबूही नको, लिंबाचं काम म्युस्कादेच करते.

३. लेबलवर ‘स्यूर ली’ आहे का पाहावं. म्हणजे ही वाइन हिवाळाभर आपल्याच यीस्टच्या गाळावर राहिली आणि मग थेट बाटलीत भरली गेली. त्यामुळे तिला थोडा भरीवपणा येतो आणि कधी कधी जिभेवर बारीकशी चुणचुण जाणवते. ती चुणचुण म्हणजे बिघाड नव्हे.

४. लोणी दिसलं की बाटली उघडावी. ‘बर ब्लां’ हा सॉस नांतच्या परिसरातलाच. त्याचं श्रेय क्लेमांस लफव्र या स्वयंपाकिणीला देतात. शॅलट कांदा व्हिनेगर आणि म्युस्कादेमध्ये आटवायचा, मग आच अगदी मंद करून गार लोण्याचे तुकडे एकेक करत घोटायचे. उकळी आली की लोणी फुटलंच! हा सॉस नदीतल्या उकडलेल्या माशावर घालतात. लोण्याने तोंड जड होतं आणि वाइनच्या घोटाने पुढच्या घासासाठी मोकळं होतं. वाइनमध्ये शिजवलेल्या शिणाण्यांबरोबरही ती मस्त लागते.

५. मालवणी कालवणाशी तिची गाठ घालू नये. मिरचीपुढे ती दिसेनाशी होते, वाटणापुढे पाणचट लागते. तिथे सोलकढीच हवी. मात्र नुसतं मीठ लावून भाजलेली तारली आणि म्युस्कादे हे जुळतंच. काटे काढत, बोटं चाटत खावं.

६. स्वस्त आहे म्हणून साधी समजू नये. १७०९च्या भीषण थंडीत इथले द्राक्षवेल मेले. त्यानंतर थंडी सोसणारी ‘मेलाँ द बूर्गोन्य’ ही जात इथे पसरली. डच व्यापाऱ्यांना ब्रँडीसाठी अशी पांढरी वाइन हवीच होती. आज म्युस्कादे मुख्यतः याच जातीची करतात. सेव्र आणि मेन नद्यांकाठच्या भागाला १९३६मध्ये अधिकृत दर्जा मिळाला. २०११मध्ये क्लिसाँ, गोर्झ आणि ल पाले या गावांच्या नावाने वेगळ्या वाइनना मान्यता मिळाली. क्लिसाँ आणि गोर्झची वाइन गाळावर सुमारे दोन वर्षं मुरते. ती कालवांबरोबर वाया घालवू नये. क्रीम घातलेल्या कोंबडीबरोबर तिचा कस लागतो.

७. फार गार करू नये. साधी म्युस्कादे ८ ते १० अंशांवर, मुरलेली १२च्या आसपास. आणि चीज खायचंच असेल तर इथलंच ‘क्युरे नांते’ घ्यावं. वास उग्र, चव त्या मानाने सौम्य. खिडकी तेवढी उघडी ठेवावी.