कोळसा : वीज, राख आणि आरोग्य

चंद्रपूर जिल्ह्यात वर्धा नदीच्या खोऱ्यात दगडी कोळशाचे विस्तीर्ण थर आहेत. २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वी दलदलीत गाडल्या गेलेल्या वनस्पतींचे हे रूपांतर होय. याच कोळशाच्या आधारे उभारलेल्या चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. आज या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. शेतीपंप, कारखाने आणि गावोगावचे दिवे यांच्यामागे या कोळशाचे बळ उभे आहे. मात्र या विजेची किंमत केवळ देयकातील रुपयांत मोजता येत नाही.

राखेचा प्रश्न

कोळसा दळून त्याची भुकटी भट्टीत जाळली जाते. उष्णतेने पाण्याची वाफ होते आणि वाफेच्या दाबाने जनित्र फिरते. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण बरेच असते. १०० टन कोळसा जाळला, तर साधारणतः ३० ते ४० टन राख उरते. तिच्यातील बहुतांश भाग धुरासोबत उडणारा असतो. धुराड्यापूर्वी बसविलेली विद्युत-स्थैतिक यंत्रणा ही राख पकडते. परंतु यंत्रणेची निगा राखली गेली नाही, तर ती परिसरावर पसरते.

पकडलेली राख पाण्यात मिसळून तळ्यात साठविली जाते. तिच्यात शिसे, आर्सेनिक यांसारखे घटक अल्प प्रमाणात असल्याने ती विहिरी व नाल्यांपासून दूर ठेवणे अगत्याचे ठरते. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळील खसाळा येथील राख बंधारा अतिवृष्टीत फुटून राखमिश्रित पाणी शिवारात शिरले, ते या धोक्याचेच उदाहरण होय.

आरोग्यावरील परिणाम

धुरातील २.५ मायक्रॉनहून लहान कण फुप्फुसाच्या खोल भागापर्यंत पोचतात. दमा, श्वासनलिकेचा दाह आणि हृदयविकार यांना ते कारणीभूत ठरतात. सल्फर डायऑक्साइड श्वसनमार्गाचा क्षोभ करतो. खाणीत वर्षानुवर्षे कोळशाची धूळ श्वासावाटे घेणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसांत व्रण पडतात. ते पुढे भरून येत नाहीत. घरातील कोळशाची शेगडीही निर्धोक नाही. बंद खोलीत साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग वा वास नसतो. त्यामुळे झोपेतच प्राण जाऊ शकतो. शिवाय एक किलो कार्बन पूर्ण जळाल्यास सुमारे ३.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो व तापमानवाढीस हातभार लावतो.

उपाय आणि कर्तव्य

राख निरुपयोगी नाही. सिमेंट, विटा व रस्त्यांचे भराव यांत तिचा वापर होतो. घाटघर प्रकल्पाच्या धरणांच्या काँक्रीटमध्येही ती वापरली गेली. केंद्र शासनाच्या ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनुसार वीज केंद्रांनी राखेचा संपूर्ण विनियोग करणे बंधनकारक आहे.

शाळा व अंगणवाड्यांच्या बांधकामात राखेच्या विटांचा विचार ग्रामपंचायतींना करता येईल. राख वा कोळसा वाहून नेणारी वाहने झाकलेली आहेत काय, याकडे लक्ष ठेवणे, तसेच राखतळ्यालगतच्या विहिरींचे पाणी नियमित तपासून घेणे, ही कामे गावपातळीवरची आहेत. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेखालील जनसुनावणीत ग्रामस्थांना आपले म्हणणे नोंदविता येते. शिक्षकांनी प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश त्यांना आधी समजावून दिल्यास त्या सुनावणीला खरा अर्थ येईल. सूर्य व वारा यांपासून मिळणारी वीज वाढत आहे. तथापि कोळसा जोवर जळतो आहे, तोवर त्याच्या राखेचा हिशेब विजेच्या हिशेबाइतकाच काटेकोरपणे ठेवला गेला पाहिजे.