स्लॅबचा दिवस आणि उत्तरपत्रिकांचा गठ्ठा

मे महिन्यातली दुपार. फळ्यावर बेंडिंग मोमेंटची आकृती अर्धी काढलेली असताना सरांच्या खिशातला फोन चौथ्यांदा थरथरला. कोकापेटच्या साइटवर काँक्रीटची गाडी येऊन उभी होती आणि सळई मात्र जुन्या ड्रॉइंगप्रमाणे बांधलेली. सुधारित ड्रॉइंग आदल्या रात्री पाठवायचं राहून गेलं होतं. ती रात्र उत्तरपत्रिका तपासण्यात सरली होती.

हैदराबादेत स्थायिक झालेल्या या मराठी स्ट्रक्चरल इंजिनिअरने कंपनीची नोकरी सोडली होती ती घराला वेळ देता यावा म्हणून. "सकाळी कॉलेज, दुपारी माझी ड्रॉइंग, संध्याकाळी मुलगी, असा हिशेब होता," तो सांगतो. "त्या दिवशी स्लॅब थांबवला. तयार काँक्रीट भरल्यापासून दोन तासांत उतरवावं लागतं. गाडी परत गेली, भुर्दंड मी भरला."

तासांची बेरीज त्याने बरोबर केली होती, हंगाम मात्र पाहिला नव्हता. पावसाळ्याआधी स्लॅब उरकायची बिल्डरची घाई आणि सेमिस्टरची परीक्षा नेमकी एकाच वेळी अंगावर आली. त्यात पूर्णवेळ प्राध्यापकी. यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास शिकवायचं, आणि एकूण कार्यभार ४० तासांचा. शिवाय बाहेरच्या कामाला संस्थेची परवानगी हवी, तीही लेखी. तोंडी होकार प्राचार्य बदलले की हवेत विरतो, हे त्याने सोसलं आहे.

याच शहरात १९०८ साली मुसीला महापूर आला, तेव्हा निजाम सरकारने पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेल्या विश्वेश्वरय्यांना सल्लागार म्हणून बोलावलं. ते काम त्यांनी १९०९ मध्ये हाती घेतलं ते मुंबई सरकारच्या सेवेतून मोकळे होऊनच. दोन डगरींवर पाय ठेवण्याआधी हा क्रम जरूर पाहावा.

आता तो तासिका तत्त्वावर आठवड्यातल्या दोनच सकाळी शिकवतो. सुट्टीत मानधन नाही. ड्रॉइंगची फी १० टक्के टीडीएस कापून येते, आणि बहुतेकदा उशिरा. म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च आधी बाजूला काढा, असं तो नवख्यांना कळकळीने सांगतो.

करारात त्याने एक कलम घातलं आहे: परीक्षेच्या तीन आठवड्यांत स्लॅब असेल, तर साइटवर दुसरा इंजिनिअर येईल आणि त्याची फी बिल्डर वेगळी देईल. ते वाचून दोघांनी काम काढून घेतलं. तिसऱ्याने सही केली.