आवाज फाटतोय, म्हणजे स्पीकर जळतोय

प्रश्न : चैत्रात एकवीरा आईच्या पालखीपुढे बेंजोसाठी मंडळाचे दोन स्पीकर लावले. आवाज फाटत होता, तरी वाढवत गेलो. आता दोन्हींतून नुसता घुमणारा खर्ज येतो. ॲम्प्लिफायर तर स्पीकरपेक्षा कमी वॅटचा होता, मग जळले कसे?
– एक वाचक, मळवली

उत्तर : कमी वॅटचा ॲम्प्लिफायर सुरक्षित, हा समज महागात पडतो. तो कुवतीबाहेर ताणला की ध्वनिलहरींचे शेंडे कापले जातात. याला क्लिपिंग म्हणतात. त्यातून वरच्या पट्टीतली जास्तीची ऊर्जा तयार होते आणि स्वर वाटून देणारा क्रॉसओव्हर ती ट्विटरकडे, म्हणजे उंच स्वरांच्या छोट्या स्पीकरकडे धाडतो. स्पीकरला मिळालेल्या विजेपैकी जेमतेम काही टक्क्यांचाच आवाज होतो, बाकीची उष्णता. ट्विटरच्या कॉइलची केसासारखी बारीक तार ती सोसत नाही.

ट्विटरच्या वायरी सोडवून मल्टिमीटर लावा. 8 ओहमची धड कॉइल साधारण 6 ओहम दाखवते. काहीच दाखवले नाही, तर कॉइल तुटली. बहुतेक वेळा फक्त कॉइलसकट डायफ्राम बदलून भागते, नवा बॉक्स लागत नाही.

यापुढे क्लिपचा लाल दिवा लागला की लगेच आवाज उतरवा, आवाज मर्यादेत रोखणारा लिमिटर बसवा. फक्त 3 डेसिबल वाढवायलाही दुप्पट वॅट लागतात, म्हणून लांबच्यांसाठी आणखी स्पीकर लावा.

वस्तीत दिवसा मर्यादा 55 डेसिबलची आहे आणि रात्री 10 नंतर बंदी. पोरांना स्पीकरपुढे उभे करू नका. कॉइल नवी मिळते, गेलेले कान परत येत नाहीत.