पाचशेची पावती आणि तीस लाखांचा हिशेब

चि. बंड्यास अनेक आशीर्वाद.

लर्निंग लायसन्स हाती पडल्याचं दादाच्या फोनवरून कळलं. त्याच फोनवर मागून आलेला प्रश्नही आत्याला स्पष्ट ऐकू आला: ‘मामाने अडवलं तर किती द्यावे लागतात, विचारा तिला!’ अठराव्या वर्षी वाहतुकीच्या कायद्याबद्दल पहिला प्रश्न हाच पडावा, यात नवल नाही. रस्त्यावर कायदा दिसतो तो वळणावर उभ्या असलेल्या हवालदाराच्या रूपात आणि बोलतो तो पावतीच्या भाषेत. पण जिची उमेदीची वर्षं मोटार अपघात दाव्यांच्या कोर्टात गेली, तिला विचारलं तर उत्तर लांबतं. म्हणून हे पत्र.

पावतीचं आधी उरकून टाकू. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यातले दंड २०१९ च्या दुरुस्तीने वाढवले आणि १ सप्टेंबर २०१९ पासून केंद्राने लागू केले. महाराष्ट्राने बराच काळ हात आखडता घेतला आणि डिसेंबर २०२१ मध्ये स्वतःचे दर ठरवले. हेल्मेट नसेल तर केंद्राच्या कायद्यात १,००० रुपये, आपल्याकडे जागेवर तडजोडीचे ५००. लायसन्सशिवाय गाडी चालवली तर ५,०००. विमा नसेल तर पहिल्यांदा २,०००. कॉलेजच्या पोराच्या खिशाला हे आकडे बोचतात खरे, पण हा या कायद्यातला स्वस्त भाग आहे. खरी रक्कम पुढे आहे.

समजा बावीस वर्षांचा, अविवाहित, महिना २०,००० रुपये मिळवणारा मुलगा अपघातात गेला. न्यायाधिकरण आधी त्याचं वर्षाचं उत्पन्न धरतं: २,४०,०००. जगला असता तर कमाई वाढली असती, म्हणून प्रणय सेठी प्रकरणातल्या २०१७ च्या निकालाप्रमाणे कायम नोकरी नसली तरी त्यात चाळीस टक्के भर पडते, झाले ३,३६,०००. अविवाहित माणूस निम्मं स्वतःवर खर्च करतो असं मानून निम्मे वजा, उरले १,६८,०००. मग वयाप्रमाणे गुणक लावायचा. हे कोष्टक सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सरला वर्मा प्रकरणात घालून दिलं. पंधरा ते पंचवीस वयाला १८, मग तो उतरत जातो, पासष्टच्या पुढे फक्त ५. आपल्या मुलाचे झाले ३०,२४,०००. अंत्यविधीचा खर्च, आईबापांच्या नावाच्या ठरीव रकमा आणि व्याज वेगळं.

हे गणित मांडलं जात असताना समोर बाप उभा असतो. हातात प्लॅस्टिकची फाइल, तिच्यात पगाराच्या स्लिपा, दहावीचं सर्टिफिकेट, पोस्टमॉर्टेमचा कागद. विमा कंपनीचा वकील विचारतो, ‘मुलगा घरी दरमहा किती पैसे देत होता?’ बाप गोंधळतो, कारण घरात असा हिशेब कुणी ठेवलेला नसतो. हेल्मेट नव्हतं असं पंचनाम्यात असेल तर तो मुद्दाही हमखास निघतो.

आता हे तीस लाख देतं कोण? गाडीचा विमा असेल, चालवणाऱ्याकडे लायसन्स असेल, तर विमा कंपनी. लायसन्सच नसेल आणि मालकाने ते माहीत असून गाडी दिली असं सिद्ध झालं, तर मामला फिरतो. स्वर्णसिंग प्रकरणातल्या २००४ च्या निकालापासून रुळलेली रीत अशी, की कंपनी मेलेल्याच्या घरच्यांना पैसे देते आणि मग तेच पैसे मालकाकडून वसूल करायला निघते. विमाच नसेल तर कंपनी मधे येतच नाही. चालवणारा आणि मालक, दोघं मिळून देणेकरी.

‘मालक’ म्हणजे आरसीवर ज्याचं नाव आहे तो. गाडी कुणाच्या पार्किंगमध्ये असते, पेट्रोल कोण भरतं, याच्याशी कायद्याला कर्तव्य नाही. जुनी बाइक स्टॅम्प पेपरवर विकून मोकळं होणारे पुष्कळ भेटतात. २०१८ मध्ये नवीन कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं, की नोंदणी ज्याच्या नावावर, जबाबदारी त्याची, मधे गाडी कितीही हात फिरलेली असो. म्हणून विकताना फॉर्म २९ आणि ३० भरून आरटीओत नाव बदलून घ्यायचं. आणि ‘जरा चक्कर मारून येतो रे’ म्हणणाऱ्या मित्राच्या हातात किल्ली देण्याआधी त्याचं लायसन्स बघायचं. तो चिडला तर चिडू दे. तुझ्या स्कूटरच्या आरसीवर दादाचं नाव आहे.

कल्याणीनगरचा अपघात तुझ्या पिढीला तोंडपाठ आहे. १९ मे २०२४ ची पहाट, सतरा वर्षांचा मुलगा, भरधाव पोर्शे, मोटरसायकलवरचे दोन तरुण इंजिनीअर ठार. काही तासांत जामीन आणि अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध. देश भडकला तो त्या निबंधावर. पुढे ससून रुग्णालयात रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. हे सगळं अपघातानंतरचं. वकिलाची नजर जाते ती त्याच्या आधीच्या तासांकडे. मुलाला लायसन्स मिळण्याचं वय नव्हतं. महाराष्ट्रात पंचवीसच्या आतल्याला बारमध्ये कडक दारू देता येत नाही, तरी तो पबमधून आला होता. आणि कोट्यवधींच्या त्या गाडीची कायम नोंदणी अडली होती १,७५८ रुपयांच्या फीसाठी. ती फी भरलीच नव्हती, म्हणून गाडी नंबरप्लेटशिवाय पुण्याच्या रस्त्यावर फिरत होती. त्या रात्री एखाद्या हवालदाराने नुसती नंबरप्लेट नाही म्हणून ती गाडी थांबवली असती तर? चौकात स्कूटरवाल्याला बाजूला घेणारा हात महागड्या गाडीपुढे उठत नाही, ही तक्रार लोक करतात आणि ती खोटी नाही.

दुरुस्त कायद्यात यासाठी १९९अ हे कलम आहे. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. कलम कडक आहे. पण दहावीच्या क्लासबाहेर संध्याकाळी सहाला उभ्या राहिलेल्या स्कूटर मोजल्या तर ते किती पालकांच्या कानावर गेलंय, याचा अंदाज येतो.

आता पोलिसांविषयी. तुझ्या वयात दोनच मतं असतात: मामा म्हणजे लुटारू, किंवा मामा म्हणजे बिचारा. आत्याचं मत तिसरं आहे. चौकातल्या धुरात आठ-आठ तास उभ्या राहणाऱ्या माणसाबद्दल आदर ठेवावा आणि त्याला दिलेल्या कामाच्या पद्धतीवर टीका करावी. वळणाच्या पलीकडे झाडाआड थांबून नो एन्ट्रीत आत आलेल्याला पकडलं, तर पावती होते. वळणाच्या अलीकडे, सगळ्यांना दिसेल असं उभं राहिलं, तर गाडी आत शिरतच नाही. पहिल्या प्रकारात आकडा वरिष्ठांना दाखवता येतो, दुसऱ्यात दाखवायला काही उरत नाही. म्हणून झाडाआडची जागा लोकप्रिय. केंद्राने २०२१ मध्ये केलेल्या नियमांत, जिथे कॅमेऱ्याने नजर ठेवायची तिथे आधी फलक लावावा आणि गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत पोचावी, असं म्हटलंय. लोकांना पकडण्यापेक्षा आवरणं महत्त्वाचं, हा त्यामागचा विचार. मोटार वाहन कायद्यात २१०ब नावाचं एक देखणं कलम आहे: कायदा राबवणाऱ्यानेच तो मोडला तर त्याला दुप्पट दंड. विनाहेल्मेट जाणारा खाकी दुचाकीस्वार दिसला की आत्याला हे कलम आठवतं आणि रक्तदाब थोडा वाढतो.

अडवलं तर काय करायचं, तेही ऐक. गाडी कडेला घे, इंजिन बंद कर, लायसन्स दाखव. गणवेशातल्या पोलिसाने मागितलं तर ते दाखवणं बंधनकारक आहे. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधलं चालतं, झेरॉक्स नव्हे. किल्ली हिसकावून घेण्याचा अधिकार कायद्यात कुठेही लिहिलेला नाही, पण ते व्याख्यान रस्त्यात देऊ नये. नगरसेवकाला फोन लावू नये. चूक असेल तर ‘साहेब, पावती करा’ म्हणावं. नसेल तर चलन घेऊन नंतर तक्रार करावी किंवा कोर्टात जावं. मांडवली मात्र करायची नाही. २०१८ पासून लाच देणाराही गुन्हेगार आहे. जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांत तक्रार केली, तरच सूट.

हेल्मेटबद्दल पुणेकराला काही सांगणं म्हणजे वाद ओढवून घेणं. जानेवारी २०१९ मध्ये सक्ती झाली तेव्हा विरोधात माणसं रस्त्यावर उतरली होती. मान दुखते, केस जातात, मागचं ऐकू येत नाही, पेठांत वेग असतोच कुठे, ही कारणं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. केंद्र सरकारच्या २०२२ च्या अहवालात हेल्मेट नसताना मेलेल्यांचा आकडा ५०,०२९ आहे. त्या वर्षी देशात रस्त्यावर एकूण १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली १५,२२४ महाराष्ट्रात. आयएसआयचं हेल्मेट घे, पट्टा लाव. टाकीवर ठेवलेलं हेल्मेट टाकीचं रक्षण करतं.

वेगाचंही एक साधं गणित आहे. ताशी साठला गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जाते. समोर कुणी आलं, हे डोक्यात शिरून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातोच. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच एका बसहून जास्त अंतर संपलेलं असतं. यात चालवण्याचं कौशल्य कुठेच येत नाही.

रस्त्यांचा दोष नाही का, असं तू म्हणशील. आहे, आणि मोठा आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ माणसं मेली. नंतर उघडे खांब आणि काँक्रीटचे कठडे गार्डरेलने झाकले, कडेला उभ्या राहणाऱ्या ट्रकांवर लक्ष ठेवलं, जखमींना लवकर हलवण्याची सोय केली, आणि मृत्यू निम्म्याहून खाली आले. चालवणारी माणसं तीच होती. चुकीच्या बांधणीमुळे अपघात झाला तर कंत्राटदाराला आणि जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड करणारं १९८अ कलम २०१९ पासून कायद्यात आहे. हेल्मेटच्या पावत्यांइतक्या उत्साहाने ते वापरलं गेलं, तर आत्या पेढे वाटेल.

नंबरप्लेटवर ४१४१ चे आकडे वळवून ‘दादा’ किंवा २१४ चा ‘राम’ करायचा विचार डोक्यात असेल तर आताच काढून टाक. पळून जाणारी गाडी शोधायला साक्षीदाराच्या लक्षात राहिलेला नंबर हाच पहिला धागा असतो, आणि ‘ताई, त्यावर दादा लिहिलं होतं’ एवढ्यावर गाडी सापडत नाही.

आणि धडक झालीच, तर पळायचं नाही. जखमीला दवाखान्यात पोचवणं ही चालकाची कायद्याने ठरवलेली जबाबदारी आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याची शिक्षा जुन्या दंडसंहितेत दोन वर्षांपर्यंत होती, नव्या न्याय संहितेत पाच. न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांची तरतूद केली होती. तिच्याविरुद्धच ट्रकचालकांनी जानेवारी २०२४ मध्ये संप केला आणि पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. ती तरतूद सरकारने लांबणीवर टाकली, पण पळणाऱ्याविषयी न्यायाधीशाचं मत काय होतं, हे आत्याने जवळून पाहिलंय. दुसऱ्या कुणाचा अपघात दिसला तरी थांब. मदत करणाऱ्याला पोलीस नाव-पत्ता सांगायची सक्ती करू शकत नाहीत.

आता स्कूटरचं. ती २०१९ च्या दसऱ्याची. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. तो २०२४ मध्ये संपला. नंतर भरल्याचं दादाला आठवत नाही, हेही परवाच्या फोनवर कळलं. एमपरिवहनवर गाडीचा नंबर टाक, विम्याची तारीख बघ आणि स्क्रीनशॉट पाठव. विमा भरेपर्यंत स्कूटर पार्किंगमधून हलवू नकोस, क्लासला पीएमपीने जा.

तुझी,
आत्या